‘मले नाई जमत’ म्हणून साइड ठरवायच्या आधी एवढं करून पाहा

दहावीचा निकाल लागला की तालुक्याच्या नेट कॅफेवर काय चालतं ते कधी उभं राहून पाहिलं का? बाप वावरातून तसाच आलेला, पोट्टीच्या हातात कॅरीबॅगमध्ये मार्कशीटची झेरॉक्स, आणि ऑपरेटर मान वर न करता विचारतो, “कोनती साइड भरू?” पोट्टी बापाकडे पाहते, बाप ऑपरेटरकडे पाहतो. ऑपरेटर म्हणतो, “किती हाय? बाहत्तर? मंग आर्टच भरतो काका, सायन्स नाई झेपत आपल्या गावच्या पोरायले.” झालं, संपलं. सोयाबीनची एक बॅग घ्यायला तीन कृषी केंद्रं फिरणारा माणूस इथं तीन सेकंदात मोकळा होतो. २०२५ पासून अकरावीची ॲडमिशन सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली, म्हणून हा सीन आता आमच्या दारव्हा-दिग्रसकडे तर रोजचाच झालाय.

मी पण असाच आर्टला गेलो. आठवीत गणिताच्या सरांनी फळ्यावर उभं करून सगळ्या वर्गासमोर म्हणलं होतं, “तुह्या डोक्यात हे जाणार नाही, तू बस.” मी बसलो आणि जवळपास आठ वर्षं बसूनच राहिलो. दहावीत गणितात ५८ मिळाले तरी मला वाटायचं की हे चुकून मिळाले. मग ग्रॅज्युएशन झाल्यावर भरतीच्या परीक्षेसाठी नाइलाजानं शेकडेवारी, नळ-टाकी, काळ-काम-वेग घेऊन बसलो तर पंधरा-वीस दिवसांत सुटायला लागलं. त्या दिवशी आनंद कमी आणि राग जास्त आला. आर्टचा राग नाही हं, इतिहास मला आजही आवडतो. राग याचा की मी आर्ट निवडलं नव्हतं, मी गणितापासून पळालो होतो आणि त्या पळण्यालाच आवड म्हणत होतो.

म्हणून हे लिहितोय, दहावी-बारावीच्या पोरांसाठी आणि त्यांच्या मायबापासाठी. एकदम करिअर गायडन्सवाल्या भाषणासारखं नाही, करून पाहायच्या गोष्टी सांगतो.

आधी हे समजून घ्या की कॉन्फिडन्स म्हणजे स्टेजवर माइक घेऊन जोरात बोलणं नाही. आपल्याकडे जो पोट्टा गणपतीत सूत्रसंचालन करतो त्याला कॉन्फिडंट म्हणतात आणि जो कोपऱ्यात बसतो त्याला घाबरट. पण अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली जी गोष्ट मांडली ती वेगळी आहे. त्याचं म्हणणं असं की खरा प्रश्न ‘हे अमुक काम मला करता येईल का’ याबद्दल माणसाला काय वाटतं हा आहे, आणि हे वाटणं कामागणिक बदलतं. म्हणजे एकच पोट्टा ट्रॅक्टर रिव्हर्स घ्यायला वाघ आणि इंग्रजीचा पॅरेग्राफ वाचायला शेळी असू शकतो. आणि जे जमणार नाही असं वाटतं ते माणूस करूनच पाहत नाही, अडलं की लवकर सोडतो, मग खरंच जमत नाही, आणि मग म्हणतो “पाह्य, मी म्हणलंच होतं.” हा बांडुरा पण काही मोठ्या शहरातला नव्हता बरं का, कॅनडातल्या एका छोट्या गावातला, शाळेत मास्तर कमी आणि सामान त्याहून कमी, पोरांना बरंचसं आपलं आपणच शिकावं लागायचं. आपल्या झेडपीच्या शाळेची आठवण आली ना?

पुढं १९९४ मध्ये लेंट, ब्राउन आणि हॅकेट या तिघांनी हेच करिअरला लावून पाहिलं. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची: आवड ही बऱ्याचदा जमण्याच्या मागोमाग येते. जिथं आपल्याला जमेल असं वाटतं आणि केल्यावर काही हाती लागेल असं वाटतं, तिथं मन लागतं. म्हणून कोणी म्हणलं की “मले फिजिक्समध्ये इंटरेस्टच नाही” तर माझा पहिला प्रश्न असतो, इंटरेस्ट नाही की भेव वाटते? दोन्हीचा इलाज वेगळा आहे.

आता करायचं काय.

एक दोनशे पानी वही घ्या. वरच्या ओळीत तुमचं ‘जमत नाही’ लिहा, जसं तोंडातून निघतं तसंच. “मले गणित जमत नाही.” खाली लिहा, कशावरून? इथं बहुतेक जणांचा पेन थांबतो. मग दहावीचं गणित भाग एक उघडा आणि एकेका धड्यापुढं खूण करा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. कोणता येतो, कोणता अर्धा येतो, कोणता अजिबात नाही. मी हे गावातल्या एका पोट्टीकडून करून घेतलं. तिचं म्हणणं, “दादा मले आकडेच समजत नाहीत.” खुणा केल्या तर सहापैकी चार येत होते, वर्गसमीकरण अर्धं, आणि संभाव्यता शाळेत घाईघाईत झाली होती म्हणून नाही. बरं ही पोट्टी घरी करते काय, तर आईच्या बचत गटाचं रजिस्टर लिहिते. बारा बाया, दोनशे रुपये महिना, कोणी पाच हजार उचलले तर शेकडा दोननं महिन्याचं व्याज शंभर, कोणाचा हप्ता थकला, कोणाचा आगाऊ आला, सगळं तोंडपाठ. मी म्हणलं, हे आकडे नाहीत तर काय आहे? तर म्हणते, “हे तर असंच हाय नं.” आपल्याकडं जे घरी जमतं ते ‘असंच’ असतं आणि जे पुस्तकात आहे तोच अभ्यास, ही खरी गोम आहे.

असाच एक पोट्टा. रात्री लाइन येते तेव्हा ओलिताला तोच जातो, स्टार्टर उघडतो, फेज गेला का टेस्टरनं पाहतो. बोअरची मोटर काढून परत बसवली आणि पाणी कमी फेकायला लागली की शेजारचे लोक त्याला बोलावतात, तो दोन फेज आलटून लावतो आणि पाणी धो धो. (मेन बंद करूनच हं, यात हिरोगिरी करू नका, दरवर्षी कोणी ना कोणी जातं यात.) त्याला विचारलं दोन वायरी आलटल्यानं काय होतं, तर म्हणे “उलटी फिरत होती ते सुलटी फिरते.” बारावीच्या फिजिक्सला करंट आणि चुंबकाचं जे काही आहे त्याच्या दारात हा पोट्टा रोज रात्री अंधारात उभा असतो, आणि फॉर्मवर लिहितो, ‘सायन्स नको’.

तर वहीच्या दुसऱ्या पानावर हे लिहा: शाळेबाहेर मी काय करतो जे बाकीच्यांना येत नाही. लाजू नका. गाय विताना हाताशी राहता, भावाच्या दुकानचा जीएसटीचा हिशेब पाहता, आजीला दवाखान्यात नेऊन सगळे कागद तुम्हीच फिरवता, लग्नाची पत्रिका मोबाईलवर तुम्हीच बनवता. सगळं लिहा.

आता दुसरं काम, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. चाखून पाहा. बांडुराच्या हिशेबानं विश्वास चार ठिकाणाहून येतो आणि त्यात सगळ्यात पक्की जागा म्हणजे स्वतः करून जमलेलं काम. भाषणानं आलेला कॉन्फिडन्स बसस्टँडपर्यंत टिकतो. दहावीची परीक्षा संपते मार्चमध्ये आणि निकाल लागेपर्यंत दोन महिने पोट्टे क्रिकेट अन् लग्नाच्या वरातीत असतात. असा, कोण नको म्हणतं, पण त्यातले पंधरा दिवस काढा. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट पीडीएफमध्ये आहेत. सायन्सचा विचार असेल तर फिजिक्सचा पहिला धडा घ्या, युनिट्स अँड मेझरमेंट. रोज एक तास, फक्त सोडवून दाखवलेली उदाहरणं, आधी पाहून आणि मग पुस्तक झाकून. दुसरा धडा मॅथेमॅटिकल मेथड्स आहे, त्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलस एकदम अंगावर येतं. तिथं अडलात तर घाबरू नका, तिथं सगळेच अडतात, नागपूरच्या मोठ्या क्लासवालेही. कॉमर्सचा विचार असेल तर बुक-कीपिंगचा पहिला धडा, आर्ट असेल तर राज्यशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र घ्या. हो, आर्टही चाखूनच घ्यायचं, ते काही उरलेल्यांची साइड नाही.

पंधरा दिवसांनी वहीत लिहा: काय सुटलं, कुठं अडलं, आणि अडल्यावर मी किती वेळ टिकलो. हा शेवटचा आकडा मार्कांपेक्षा जास्त सांगतो.

इथं एक गोष्ट जरा थांबून सांगतो कारण आपल्याकडचे अर्धे पोट्टे इथंच पडतात. मराठी मीडियममधून अकरावी सायन्सला गेलं की सगळं अचानक इंग्रजीत. दहावीपर्यंत ‘त्वरण’ होतं ते ‘ॲक्सेलरेशन’ झालं, ‘संवेग’चं ‘मोमेंटम’, ‘घर्षण’चं ‘फ्रिक्शन’, ‘अपवर्तन’चं ‘रिफ्रॅक्शन’. गोष्ट तीच, गेल्या वर्षी तुम्हाला येत होती, पण सर इंग्रजीत बोलतात आणि मागच्या बाकावर बसलेल्या पोट्ट्याला वाटतं आपलं डोकंच चालत नाही. पोळ्यापर्यंत निम्मे वर्गात यायचे बंद होतात. हा डोक्याचा प्रॉब्लेम नाही हो, हा दोन-अडीचशे शब्दांचा प्रॉब्लेम आहे. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही डाउनलोड करा, तोच धडा समोरासमोर ठेवा आणि वहीच्या मागच्या पानापासून शब्दांची जोडी लिहीत जा. रोज दहा शब्द. महिनाभरात तीनशे होतात. आणि हेही माहीत असू द्या की नीटची (डॉक्टरकीसाठी) आणि जेईई मेनची (इंजिनिअरिंगसाठी) परीक्षा मराठीतून देता येते. सगळ्यांनी तसं द्यावं असं मी म्हणत नाही, पण इंग्रजी म्हणजे शेवटची भिंत नाही एवढं कळलं तरी छातीवरचं ओझं उतरतं.

तिसरं काम, माणूस शोधा. पण योग्य माणूस. बसस्टँडवर क्लासचे फ्लेक्स लागतात, ७२० पैकी इतके, ९९ पर्सेंटाइल, कोट घातलेला पोट्टा. ते पाहून हिंमत वाढत नाही, उलट खचते, कारण तो आपल्यासारखा वाटत नाही. ज्याचं घर आपल्यासारखं, शाळा आपल्यासारखी, मार्क आपल्याच आसपासचे, असा दोन-चार वर्षं पुढं गेलेला कोणीतरी शोधा. गावात नसेल तर मामाच्या गावात असेल. त्याला “कसं वाटते” असं विचारू नका, तो म्हणेल “मस्त.” विचारा की पहिल्या सहामाहीत नापास कशात झाला, खोली किती भाड्यानं, मेसचे पैसे कुठून, कोणत्या दिवशी घरी पळून यावंसं वाटलं आणि मग काय केलं. पोरींनी पोरीला विचारावं. अमेरिकेत १९८१ मध्ये बेट्झ आणि हॅकेट या दोघी बायांनी कॉलेजच्या पोरा-पोरींना विचारलं होतं की कोणकोणती कामं तुम्हाला जमतील. गणित-इंग्रजीच्या टेस्टमध्ये दोघांत फरक नव्हता, तरी पोरींनी इंजिनिअरिंगसारखी ‘पुरुषांची’ समजली जाणारी कामं आपल्याला जमणार नाहीत असं जास्त सांगितलं, आणि पोरांचं मात्र दोन्हीकडं सारखंच, जमते म्हणे! आपल्याकडं काही वेगळं नाही. पोरगी हुशार असली की डीएड नाहीतर नर्सिंग. ही कामं वाईट नाहीत, पण तिनं दुसरं काही पाहिलंच नाही म्हणून ती तिकडं गेली असेल तर ते निवडणं नाही झालं.

लोकांच्या बोलण्याचं म्हणाल तर, काका-मामा-मास्तर काय बोलले ते वहीत उतरवा आणि पुढं लिहा की या माणसानं मला ते काम करताना पाहिलंय का. नसेल पाहिलं तर रेघ मारा. मायबापांना हात जोडून एकच सांगणं, “तुह्याच्यानं होत नाही” हे वाक्य घरातून काढा. आणि त्याच्या जागी “माहा वाघ कलेक्टर होनार” हेही आणू नका, खोट्या कौतुकाला पोट्टे लवकर ओळखतात. “तू परवा ते व्याजाचं बरोबर काढलं” असं नेमकं काही म्हणा.

शरीराचंही थोडं. पेपरच्या आधी पोट दुखतं, हाताला घाम येतो, आणि पोट्टे समजतात की आपली तयारी नाही म्हणून असं होतंय. टॉपरच्या पण हाताला घाम येतो. घरी घड्याळ लावून चार-पाच पेपर सोडवा, सेंटर आदल्या दिवशी पाहून या, बरंच कमी होतं.

आता उलट्या बाजूचं. ज्यांना फारच कॉन्फिडन्स आहे त्यांच्यासाठी. “नीट काढतोच” म्हणणाऱ्या एका पोट्ट्याला मी जुना पेपर दिला, १८० प्रश्न, तीन तास, बरोबरला चार आणि चुकीला एक वजा. सव्वा तासात उठला. त्याचा विश्वास मोबाईलवरच्या रील्समधून आलेला होता. अकोल्याला क्लास लावायचा, वर्षाला लाख-दीड लाख घालायचे, त्याआधी हा तीन तासांचा खर्च करून पाहा, एका कागदाच्या गठ्ठ्याचे पैसे लागतात. मार्क कमी येणारच, अकरावी न शिकता कुठून येतील, पण तीन तास बसवतं का एवढं तरी कळते.

आणि एक गोष्ट सरळ बोलतो. सगळं काही कॉन्फिडन्सनं होत नाही. कापसाला भाव नाही, बापावर कर्ज आहे, कॉलेज चाळीस किलोमीटर आणि सकाळची एसटी एकच, अशा पोरीला “स्वतःवर विश्वास ठेव” म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने करा, एक ‘मला जमेल का’ आणि दुसरा ‘परवडेल का, पोचता येईल का’. आपण दुसऱ्या रकान्यातली अडचण पहिल्यात लिहितो आणि स्वतःला कमी समजतो. दुसऱ्या रकान्याला कागद लागतात, हिंमत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाइल, हे मे महिन्यातच सेतूत टाका, जूनमध्ये तिथं जत्रा असते. महाडीबीटीवर स्कॉलरशिप आहेत. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या ज्या पोरींच्या घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत आहे त्यांना कॅप राउंडनं, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. समाजकल्याणची आणि आदिवासी विभागाची वसतिगृहं आहेत. कॉलेजवाले कधी कधी आधी फी भरा म्हणतात, तेव्हा जीआरची प्रिंट सोबत असली की आवाज आपोआप निघतो.

ठरवताना कोणतं दार पुढं उघडं राहतं तेही पाहा. सायन्समधून बारावीनंतर आर्ट-कॉमर्सला येता येतं, आर्टमधून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला तर सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) न देता इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांचा आयटीआय केला, इलेक्ट्रिशियन म्हणा फिटर म्हणा, तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे स्टार्टर उघडणाऱ्या त्या पोट्ट्याला आयटीआय, मग डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग असा लांबचा पण पक्का रस्ता आहे, आणि दर टप्प्यावर हातात काहीतरी आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी ॲग्रीला जायचं तर सीईटी, नागपूरला व्हेटर्नरीला जायचं तर नीट, हे आधीच माहीत पाहिजे, नाहीतर बारावीत बायो सोडून बसता आणि मग गायी-म्हशींचं वेड असून उपयोग नाही. तुमचं ‘नको’ नुसत्या भेवातून येत असेल तर उघडं दार ठेवणारा पर्याय घ्या. पण चाखून पाहिल्यावर, पंधरा दिवस खरंच बसल्यावर नको वाटत असेल, तर मान वर करून आर्ट घ्या आणि कोणी विचारलं तर वही दाखवा.

तो स्टार्टरवाला पोट्टा सध्या आयटीआयला आहे. बचत गटवालीनं कॉमर्स घेतलं, बापानं आधी नाही म्हणलं, मग तिनं त्याच्या कापसाच्या पट्टीतला, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतला, अडत्याच्या कपातीचा घोळ काढून दाखवला, साडेतीनशे रुपये, तेव्हा गप झाला.

कॅफेत जायच्या दिवशी कॉलेजांची आणि साइडची यादी घरूनच कागदावर क्रमानं लिहून न्या. ऑपरेटरनं “कोनती भरू” म्हणलं की कागद पुढं करा, तोंडी सांगू नका, तोंडी सांगताना माणूस डगमगतो. मोबाईल नंबर स्वतःचा नाहीतर घरचाच टाका, त्याचा टाकू देऊ नका, ओटीपी त्याच्याकडं गेला की तुम्ही त्याच्यामागं महिनाभर फिरता. लॉक करायच्या आधी स्क्रीन तुमच्याकडं फिरवायला लावा, नाव, मार्क, कॅटेगरी, साइड एकेक बोट ठेवून वाचा. मागे लाइन असते, लोक ओरडतात, “चाल ना बे लवकर.” ओरडू द्या. प्रिंट घ्या आणि वहीत ठेवा.